पूर्वेची भिंत

भिंत पडली तेव्हा खड्ड्यात पाच माणसं होती. चार पश्चिमेच्या बाजूला, एक पूर्वेला. पूर्वेला होते ते मुकादम, आणि पडली तीही पूर्वेचीच भिंत. कमरेपर्यंत मातीत गेलेल्या मुकादमांना बाकीच्या चौघांनी हातांनी उकरून बाहेर काढलं. फावडी शेजारीच पडली होती, पण फावडं चालवायची कोणाची छाती झाली नाही. मुकादमांचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. जीव वाचला.

हे झालं मंगळवारी, दुपारच्या जेवणाच्या सुटीआधी. पुढच्या मंगळवारपर्यंत चौकशी समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या आणि भिंत मुकादमांनीच पाडली, हे सगळ्यांच्या लेखी ठरूनही गेलं होतं.

कारण साधं होतं. पूर्वेच्या भिंतीतून, तळापासून हातभर वर, एका जुन्या रांजणाचा काठ डोकावत होता. उत्खननात भिंत म्हणजे खड्ड्याची उभी कड. मातीचे थर तिच्यावर वाचता येतात म्हणून ती सरळ राखायची आणि तिच्यातून काहीही डोकावलं तरी ओढायचं नाही, हा कामाचा पहिला नियम. मुकादमांना रांजणाचा मोह पडला, त्यांनी भिंत खालून पोखरली आणि ती अंगावर आली, असा समितीचा तर्क होता. चौघा मजुरांनी सांगितलं होतं, की शेवटचे दहा-बारा दिवस मुकादम त्यांना पूर्वेकडे फिरकूसुद्धा देत नव्हते, तिथे एकटेच बसून काम करायचे. एवढं झाल्यावर आणखी कोणाला काय विचारायचं?

मुकादमांचं म्हणणं वेगळं होतं. भिंतीला भेग गेली होती, ती वाढत होती, म्हणून मी पोरांना लांब ठेवलं. भेगेवर मी काचा लावल्या होत्या. संस्थेत रोजची नोंद आहे, तिच्यात बघा.

समितीनं नोंद बघितली. तिच्यात भेग नव्हती. काचाही नव्हत्या.

ही नोंद जिच्या हातून तयार व्हायची ती मुकादमांची सख्खी भाची. संस्थेत तिला सगळे मॉडेलवाली म्हणत, घरी तिचं नाव ठकू. तिला या कामावर आणलं ते मामांनीच, पण कामावर ती त्यांना मुकादम म्हणायची आणि अहो-जाहो करायची. घरी आली की पुन्हा मामा आणि अरे-तुरे.

उत्खनन हे काम असं, की ते करता करताच नाहीसं होतं. खालचा थर बघायचा तर वरचा काढावा लागतो आणि काढलेला परत ठेवता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मजूर वर आले की मुकादम एक लांब काठी घेऊन खड्ड्यात उतरायचे. काठीच्या टोकाला कॅमेरा. तो आपोआप फोटो काढत राहायचा. मुकादम शिडीच्या कोपऱ्यातून निघून तीन फेऱ्या घालायचे, की नऊशे फोटो व्हायचे. ते दोन तासांच्या अंतरावर असलेल्या संस्थेत पोचायचे आणि तिथला संगणक त्या नऊशे फोटोंचा पुन्हा एक खड्डा बांधायचा, ढेकळा-ढेकळासकट. हेच मॉडेल. हेडसेट डोळ्यांवर चढवला की माणूस थेट त्या खड्ड्यात उभा. एकोणऐंशी दिवसांचे असे एकोणऐंशी खड्डे ठकूकडे होते. कामाच्या प्रमुख बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, शिडी त्यांना बंद होती. त्या रोज सकाळी ठकूच्या खोलीत खुर्चीवर बसून आदल्या संध्याकाळच्या खड्ड्यात उतरायच्या आणि तिथूनच मुकादमांना फोनवर सांगायच्या, आज कुठे खणायचं.

त्या पुढच्या मंगळवारी संध्याकाळी ठकू दवाखान्यात गेली. मामांचा पाय दोरीनं वर टांगलेला होता. मामी सफरचंद सोलत होती.

"आली का झापडवाली," मामा म्हणाले. हेडसेटला ते पहिल्या दिवसापासून झापडच म्हणत. घोड्याला बांधतात ती; फरक एवढाच, की घोड्याला समोरचं तरी दिसतं.

"बरं वाटतंय का रे?"

"पाय वर, डोकं खाली. पगारी सुटी म्हणतात ती हीच असावी. बघितलंस?"

"तीनदा बघितलं, मामा."

"पूर्वेची? शिडीच्या कोपऱ्यातली?"

"तीच. भेग नाहीये."

"आणि काचा?"

"काचा असत्या तर मला दिसल्या नसत्या का?"

मामांनी छताकडे बघितलं. "तेच तर म्हणतोय मी. तुला दिसल्या असतील असं धरून मी चाललो होतो."

ठकू त्यांच्याकडे बघत राहिली. मामीनं सुरी ताटलीत ठेवली.

"त्यांच्या पायाला लागलंय गं," ती म्हणाली. "डोक्याला नाही. अशी बघू नकोस."

"मी कुठे काय म्हटलं, मामी?"

"म्हटलं नाहीस. तेच बोचतंय."

परतताना ठकूच्या मनात जे आलं ते तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. तिच्या मनात आलं, की मामा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतोय आणि त्याला ते नीट बोलताही येत नाही. तीस वर्षं खड्ड्यांत काढलेला माणूस. कुठे माती बदलली ते थापीच्या आवाजावरून सांगणारा. गुरुवारी तिसरी आणि शेवटची बैठक होती. अहवालावर सह्या झाल्या की त्याला कुठल्याच उत्खननाच्या जागेवर कोणी उभं करणार नव्हतं, आणि भिंतीतून रांजण चोरून काढणारा मुकादम, हीच त्याची ओळख राहणार होती.

बुधवारी सकाळी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. गृहस्थ निवृत्त इंजिनीअर होते, आवाज मऊ होता.

"उद्या शेवटचे दहा दिवस ओळीनं दाखवा. भिंतीचा तळ नीट बघायचाय."

"तळ सरळ आहे, सर. पोखरलेला नाही. तुम्ही पाहिलाय."

"पाहिला. पण तुम्ही मॉडेल साफ करता ना? भोकं वगैरे बुजवता?"

"सगळेच करतात. फोटो कमी पडले की मॉडेलला भोकं पडतात, ती बुजवावीच लागतात."

"मग पोखरलेली जागाही बुजली असेल." जरा थांबून ते म्हणाले, "तुम्ही त्यांच्या भाची ना? बरं दिसत नाही ते. तुमच्यासाठीच सांगतो."

फोन ठेवला तेव्हा ठकूचे कान तापले होते. मामांसाठी तिनं नोंदीत हात घातला, असंच त्यांना म्हणायचं होतं. तीन वर्षांत तिच्या कामाला कोणी बोट लावलं नव्हतं. तिनं ठरवलं, साफ केलेलं काही दाखवायचंच नाही. मूळचे फोटो घ्यायचे, मॉडेल नव्यानं बांधायचं, एकही भोक न बुजवता त्यांच्यासमोर ठेवायचं. तळ सरळ असेल तर कच्च्यातही सरळच दिसेल. मामांवरचं निदान पोखरण्याचं बालंट तरी टळेल.

तिनं एकोणऐंशीव्या दिवसाचे मूळ नऊशे फोटो बाहेर काढले आणि संगणकाला लावले. साफसफाईची कळ तिनं दाबली नाही. या कळीला ती झाडू म्हणायची. कामाच्या पहिल्या आठवड्यात शिडीच्या कोपऱ्यात रोज एक काळी उभी रेघ यायची. मुकादमांची फेरी तिथून सुरू व्हायची आणि तिथेच संपायची, त्यामुळे पहिला फोटो आणि शेवटचा फोटो यांचा मेळ बसायचा नाही. ती नुसती जोडाची रेघ होती, भिंतीवर तसं काही नव्हतं. तिनं मुकादमांना फोन करून विचारलंही होतं. चार दिवस हातानं बुजवल्यावर तिला कंटाळा आला. मग तिनं ती सगळी दुरुस्ती एका कळीवर बसवून टाकली: कोपऱ्यातली रेघ बुजव, तिच्या आजूबाजूचा कचरा काढ, शेजारच्या मातीचा रंग वर ओढ. सहाव्या दिवसापासून रोज सकाळी झाडू फिरायचा आणि मग ती मॉडेल उघडायची.

दुपारी दोनच्या सुमाराला कच्चं मॉडेल तयार झालं. जेवणाचा डबा तसाच होता. तिनं हेडसेट चढवला आणि खड्ड्यात उतरली.

आधी तिनं तळ बघितला. सरळ होता. रांजणाच्या काठाखालची माती जशीच्या तशी, एक ओरखडा नाही. तिला इतकं हायसं वाटलं, की ती मोठ्यानं हसली. मग तिनं मान वर केली.

कोपऱ्यात काळी रेघ होती.

जोडाची रेघ म्हणूनच ठकू तिच्याकडे बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं, की रेघेला खोली आहे. जोडाची रेघ कागदावर ओढल्यासारखी असते, सपाट. ही आत जात होती. वरच्या कडेपाशी बोट शिरेल एवढी रुंद, खाली येता येता वाकडी होत गेलेली, मध्ये एका दगडाला वळसा घालून पुढे निघालेली. जोडाची रेघ दगडाला वळसा घालत नाही.

भेगेच्या बाजूला तीन ठिकाणी चकचकीत, काटेरी गुंतवळ उठली होती. अशी गुंतवळ तिनं हजारदा पुसली असेल. काचेचा किंवा पाण्याचा संगणकाला ठाव लागत नाही, तिथे तो असंच काहीतरी विणून ठेवतो.

तिनं हेडसेट काढला. मग नऊशे फोटोंतला त्या कोपऱ्याचा एक फोटो उघडला. साधा फोटो. तीन महिन्यांत तिनं एकही फोटो असा उघडून पाहिला नव्हता. ते संगणकाचं खाद्य. माणसानं बघायची ती वस्तूच नव्हे.

फोटोत भेगेवर आडव्या तीन काचपट्ट्या होत्या, बोटभर रुंद, दोन्ही टोकं पांढऱ्या प्लास्टरनं भिंतीत बसवलेली. वरची मधोमध तडकलेली. मधलीही तडकलेली. खालची अख्खी. प्रत्येकीच्या प्लास्टरवर खिळ्यानं आकडा कोरला होता: ६९, ७३, ७९.

मामा लहानपणी गवंड्याच्या हाताखाली होते. जुन्या घराला भेग गेली की गवंडी तिच्यावर काच लावून दिवस लिहितात, हे त्यांनीच ठकूला कधीतरी सांगितलं होतं. काच शाबूत राहिली तर भेग मेलेली. काच फुटली तर भेग चालते आहे, घर सोडा.

एकोणसत्तराव्या दिवसापासून मामा रोज संध्याकाळी कॅमेऱ्याची काठी घेऊन त्या काचांसमोरून तीन फेऱ्या घालत होते. फोटो बघितले तेव्हा दिसलं, की त्या कोपऱ्यात ते काठी खाली आणून थोडे थांबायचे. इतर कुठे चार फोटो, तर काचांचे पंधरा-वीस. कोणाला तरी दिसावं म्हणून. आणि रोज सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून ठकू झाडू फिरवत होती.

ती उठून खोलीच्या दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. सत्तरावा दिवस लावला: भेग, एक काच. चौऱ्याहत्तरावा: दोन काचा, एक फुटलेली. साफ केलेला चौऱ्याहत्तरावा शेजारी लावला: गुळगुळीत, सुंदर भिंत. प्रत्येक फाइलखाली तपासनीस म्हणून तिचंच नाव.

चार वाजता ती बाईंच्या खोलीत गेली आणि काही न बोलता हेडसेट त्यांच्यासमोर धरला. बाईंनी तो चढवला. बराच वेळ त्यांची मान एकाच जागी वर उचललेली राहिली.

"हा कुठला दिवस?"

"एकोणऐंशी. सोमवार संध्याकाळ."

"हे खोटं आहे. मी त्या मंगळवारी सकाळी इथेच उभी होते."

"तुम्ही साफ केलेल्यात उभ्या होतात, बाई."

बाईंनी हेडसेट काढला, टेबलावर ठेवला, मग उचलून पुन्हा ठेवला. "त्यांचा फोन आला होता," त्या हळू म्हणाल्या. "मंगळवारी साडेआठला. म्हणाले, तिसरी काच रात्रीत फुटली, पूर्वेचं काम थांबवू का. मला वाटलं, कसल्या काचा. मी म्हटलं, मुकादम, मी आत्ता तिथेच उभी आहे, भिंत ठणठणीत आहे. ते म्हणाले, बरं, तुम्ही पाहिलीत ना, मग झालं."

बाहेर कोणीतरी झेरॉक्स मशीनशी झगडत होतं.

"उद्या हे दाखवायचं," शेवटी बाई म्हणाल्या. "मुकादम सुटतील. पण तुझी कळ वगैरे... सॉफ्टवेअरचा दोष म्हणता येईल. तो असतोच की."

"सॉफ्टवेअरनं भेग दाखवली होती, बाई."

"तुझी नोकरी जाईल, ठकू." बाईंनी तिला या नावानं कधी हाक मारली नव्हती. "माझीही जाईल बहुतेक. फोन मी घेतला होता."

गुरुवारी अकराला दवाखान्यानं मामांना दोन तास सोडलं. चाकाच्या खुर्चीत, पाय पुढे लाकडी फळीवर, मागे मामी. लांब टेबलाच्या पलीकडे समितीचे तिघे, भिंतीवर मोठा पडदा. हेडसेटवाला जे बघेल ते पडद्यावर सगळ्यांना दिसणार होतं. अध्यक्षांनी हेडसेटसाठी हात पुढे केला.

"आधी मुकादमांनी घालावा, सर," ठकू म्हणाली. "त्यांनी खड्ड्याची नोंद एकदाही पाहिलेली नाही."

"मला कशाला झापड," मामा म्हणाले. "मी रोज तिथेच असायचो."

"घाल ना, मामा." ती सगळ्यांसमोर अरे-तुरेवर आली होती, आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

तिनं पट्टा त्यांच्या डोक्यामागे आवळला. पडद्यावर खड्डा आला. मामांची मान डावीकडे वळली, पडदा डावीकडे वळला. शिडी आली. कोपरा आला. मग पडदा थांबला.

अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले होते. तसेच राहिले.

मामांनी उजवा हात पुढे केला. हवेत, जिथे वरची काच होती तिथे, त्यांची दोन बोटं थांबली. "ही एकोणसत्तरची," ते म्हणाले. "चार दिवसांत गेली. ही त्र्याहत्तरची. ही सोमवारी लावली, प्लास्टर ओलं होतं अजून. सकाळी बघतो तर फुटलेली." त्यांनी हात खाली घेतला. "म्हणजे होतं की हे. मग मला नाही कसं म्हणत होतात तुम्ही सगळे?"

"मी बुजवत होते, मामा."

"काय?"

"भेग. काचा. रोज सकाळी. मला वाटायचं फोटोंचा जोड आहे, कचरा आहे. एका कळीवर लावून ठेवलं होतं. सहाव्या दिवसापासून मी तिथे बघितलंच नाही." तिचा आवाज सरळ होता, तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. "सर, भिंतीचा तळ बघून घ्या. पोखरलेला नाही. साफ केलेले आणि कच्चे, सगळे दिवस मी जोडीनं ठेवलेत. साफ केलेल्यांवर माझं नाव आहे."

खोलीच्या टोकाकडून बाई म्हणाल्या, "आणि मंगळवारच्या सकाळचा फोन मी घेतला होता. तेही लिहून घ्या."

अध्यक्षांनी आपल्यासमोरचा टाइप केलेला अहवाल उचलला, उलटा केला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्यांच्या शेजारच्या सदस्याच्या पेनाचं टोपण उघडंच राहिलं होतं. मामीनं पदराचं टोक तोंडावर धरलं होतं. तिचे डोळे पडद्यावर नव्हते, ठकूवर होते.

मामांनी हेडसेट काढला नाही. पडद्यावर भिंत तशीच उभी होती, जरासुद्धा न हलता. ठकू वाट बघत राहिली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पट्टा स्वतःच सोडला आणि हेडसेट तिच्या दिशेनं धरला. चेहऱ्यावर त्याचा लाल वळ उमटला होता.

"आता तू लाव."

"मी बघितलंय, मामा."

"उभं राहून बघितलंयस. लाव आणि खाली बस. मी बसायचो तसं, भिंतीशी."

तिनं हेडसेट चढवला. समितीच्या तिघांसमोर, फरशीवर, ती हळूहळू खाली बसली आणि सरकत भिंतीपाशी आली. रांजणाचा काठ तिच्या छातीशी आला. मातीतल्या मुळ्या नाकासमोर.

"आता वर बघ," मामांचा आवाज आला.

तिनं वर बघितलं.